केडगावचा शिधा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत उरुळी, यवत, खुटबाव मागे पडले की केडगाव लागते. नगरला लागून असलेले केडगाव निराळे, हे दौंड तालुक्यातले. आज इथे उतरणाऱ्याला ऊस दिसतो, गुऱ्हाळांचा धूर दिसतो, गुळाच्या बाजाराची वर्दळ दिसते. कालव्याचे पाणी येण्याआधी हा भाग पावसाच्या भरवशावर जगणारा कोरडा माळ होता, हे मुद्दाम आठवावे लागते. याच गावाच्या नावाने महाराष्ट्रातली दोन अगदी वेगळी माणसे ओळखली जातात. एक दत्तभक्त नारायण महाराज, ज्यांच्या बेटावर आजही लोक दर्शनाला जातात. दुसरी पंडिता रमाबाई. रमाबाईंच्या आवाराला गावकरी नुसते ‘मिशन’ म्हणतात.

हा लेख दुसऱ्या आवाराबद्दल आहे, आणि तिथे वर्षानुवर्षे रोज उठून विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाबद्दल: उद्या इतक्या पानांवर वाढायचे काय?

‘देव पुरवतो’ हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. ज्याने चोच दिली तो चारा देईल, असे एका तोंडाने म्हणायचे आणि असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असे दुसऱ्या तोंडाने हसायचे, ही मराठी रीत जुनी आहे. रमाबाईंचे वेगळेपण असे की या दोन्ही म्हणी त्यांनी स्वतःच्या पोटावर सोसल्या होत्या. देवावर हवाला ठेवून उपाशी मरणारे घर त्यांनी लहानपणी आतून पाहिले, आणि देवावर हवाला ठेवूनच पुढे सुमारे दोन हजार जणींचे पोट भरले. या दोन भरवशांत फरक कोणता, हा मला त्यांच्या चरित्रातला खरा पेच वाटतो. चरित्रकार तो धर्मांतराच्या प्रकरणात उरकून टाकतात.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवायचे म्हणून भाऊबंदांचा रोष घेतलेला आणि सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला, आश्रम थाटून राहिलेला हा विद्वान. तिथेच 1858 च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालता घालता घरचा जमीनजुमला संपला, कर्ज झाले, आणि मुलगी काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब वेताच्या पेटाऱ्यात तिला घालून तीर्थाटनाला निघाले. त्यानंतर त्यांना घर असे उरलेच नाही. देवळात नाहीतर घाटावर बसून पुराण सांगायचे, श्रोते जे ठेवतील ते घ्यायचे: शिधा, दक्षिणा, फळे, एखादे वस्त्र. मागायचे नाही, पोटासाठी दुसरे काम करायचे नाही. शास्त्रीबुवांच्या लेखी तो धर्मच होता, आणि पुराण ऐकणाऱ्यांच्या घरात धान्य होते तोवर तो निभावलाही.

मग 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ज्यांच्याच घरी काही उरले नाही ते पुराणिकापुढे काय ठेवणार? रमाबाईंनी पुढे इंग्रजीत लिहिलेली या दिवसांची हकीकत वाचताना माणूस थांबून थांबून वाचतो. जवळचा पैसा होता तो घरच्यांनी धान्यावर घातला नाही. देव प्रसन्न व्हावा म्हणून तो ब्राह्मणांना, अनुष्ठानांना, देवळांना दिला. मग दागिने गेले, भांडी गेली, चांगली वस्त्रे गेली. उपास केले, तीर्थांत स्नाने केली, जप केले. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. आंधळे झालेले, थकलेले वडील जलसमाधी घ्यायला निघाले, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन, ब्राह्मण्याचा अभिमान सोडीन. ही गोष्ट त्या घरात पहिल्यांदाच कुणी उच्चारली. तिला उशीर झाला होता. वडील गेले. काही आठवड्यांत आई गेली. नंतर थोरली बहीण कृष्णाबाई.

आईच्या शेवटच्या दिवसांतला एक प्रसंग आहे. आईने भाकरीचा तुकडा मागितला म्हणून रमा शेजारच्या बाईकडे गेली. जन्मात कधी मागितले नव्हते, तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनेच ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. आईला तो गिळवला नाही. मग अंत्ययात्रेला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, चौथा खांदा रमाचा. उंची कमी पडली म्हणून तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. स्मशान काही मैल दूर होते.

भाऊ-बहीण त्यानंतर पायी हिंडत राहिली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते म्हणून रात्री वाळूत खड्डे करून त्यांत गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतल्याचे त्यांनी लिहिले आहे. 1878 मध्ये दोघे कलकत्त्याला पोचली आणि तिथून पुढचे आयुष्य मराठी वाचकाला ठाऊक आहे. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब, भावाचा मृत्यू, बंगाली वकील बिपिनबिहारी दास यांच्याशी लग्न, मुलगी मनोरमा, आणि लग्नाला दोन वर्षेही झाली नसताना कॉलऱ्याने आलेले वैधव्य. 1882 मध्ये पुणे, 1883 मध्ये इंग्लंड आणि तिथे बाप्तिस्मा, 1886 मध्ये अमेरिका. परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि दोन वर्षांच्या आत ते पुण्याला हलवले.

शारदा सदनाचा शिधा बांधलेला होता. बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन दिले होते, अट एवढीच की शाळेत धर्मप्रसार नको. पण सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत जाऊन बसू लागल्या, ‘केसरी’ने रान उठवले, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुण्यातल्या घरांनी मुली काढून नेल्या. या घटनेची आपल्याकडे धर्माच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली आहे. पैशाच्या अंगाने फारशी झालेली नाही. रमाबाईंना देणारे हात या शहरात उरले नव्हते, आणि अमेरिकेचे वचन 1898 ला संपणार होते. माणसाने देवाकडे वळावे अशीच ही जमाखर्चाची स्थिती होती.

रमाबाईंनी मात्र आधी जमीन घेतली. केडगावला, रेल्वेला धरून, सुमारे शंभर एकर. हेतू साधा होता: फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर सदन आपल्या पायावर उभे करायचे. विहिरी खणल्या, कलमे लावली. अनंतशास्त्र्यांच्या मुलीने पोटासाठी रान विकत घ्यावे, यात काय अंतर कापले गेले ते दिसते. पण बाग फळायला वर्षे लागतात आणि दुष्काळ तेवढा थांबत नाही.

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे की आधी जावेसे वाटत नव्हते, जवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. पण ज्याने पोटात खड्डा पडलेला एकदा अनुभवला आहे त्याला ती बातमी वर्तमानपत्रातली राहत नाही. त्या गेल्या. सरकारी अन्नगृहे पाहिली. तिथल्या पोरीबाळींवर कुणाची नजर आहे आणि कोणते दलाल घिरट्या घालताहेत, हेही पाहिले, आणि निराधार मुलींना घेऊन पुण्याला आल्या. इथे प्लेग. इतक्या आजारी, उपाशी मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. मग फळबागेत राहुट्या आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पहिल्या फेरीत तीनशेच्या आसपास मुली आल्या. 1898 मध्ये पक्क्या इमारतीत ‘मुक्ती सदन’ सुरू झाले. 1899-1900 चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणतात कारण ते विक्रम संवत 1956 होते, त्याने आणखी शेकड्यांनी मुली आणल्या, आणि केडगावच्या आवारात माणसांचा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला.

बॉस्टनचा पैसा शारदा सदनासाठी होता. या दुष्काळी मुलींसाठी कोणाचेच वचन नव्हते.

रमाबाईंनी या काळात तीन परदेशी माणसांची चरित्रे वाचली होती: चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर, दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचे जॉन पेटन आणि ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर. त्यांतला म्युलर त्यांच्या कामाला सर्वांत जवळचा. मूळचा प्रशियाचा हा माणूस, तरुणपणी वाया गेलेला. 1836 मध्ये त्याने ब्रिस्टलमध्ये भाड्याच्या घरात अनाथालय काढले आणि नियम घातला की कुणाकडे पैसा मागायचा नाही, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त देवाला सांगायची. 1898 मध्ये तो वारला तोवर दहा हजारांवर मुले त्याच्या छपराखाली राहून गेली होती. त्याच्याबद्दलची एक गोष्ट ख्रिस्ती घरांत फार सांगतात: सकाळी ताटे मांडली आहेत, घरात काहीच नाही, म्युलर उपकारस्तुती करतो आणि तेवढ्यात दारात पाववाला येतो, मागोमाग दूधवाल्याची गाडी तिथेच मोडते. गोष्ट जशीच्या तशी घडली का, कोण जाणे. मला त्याच्याबद्दलची दुसरी माहिती अधिक मोलाची वाटते. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक देणगीला क्रमांक घातलेली पावती मिळे, आणि पै-पैचा हिशेब दरवर्षी छापला जाई.

आता इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. दरवर्षी छापील अहवाल काढायचा, त्यात कोणत्या दिवशी पीठ संपत आले आणि देवाने कसे पुरवले ते लिहायचे, आणि तो अहवाल हजारो श्रद्धाळू वाचकांच्या हाती द्यायचा, याला ‘माणसाकडे न मागणे’ म्हणायचे का? म्युलरच्या टीकाकारांनी हे त्याच्या हयातीतच विचारले. केडगावातूनही ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचे इंग्रजी नियतकालिक निघे, रमाबाईंची पत्रे परदेशात जात, मनोरमाबाई परदेशांत जाऊन या कामाबद्दल बोलत. देवाने धाडलेल्या शिध्यावर पोस्टाचे शिक्के इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाचे होते. मला यात ढोंग दिसत नाही. मागण्याची एक रीत दिसते, जिच्यात देणारा उपकारकर्ता होत नाही आणि घेणारा मिंधा होत नाही, कारण मध्ये देव उभा आहे. शेजारणीच्या दारात शब्द न फुटलेल्या मुलीने मोठेपणी हीच रीत निवडावी, याचे मला नवल वाटत नाही. अमेरिकेच्या मंडळाने अटी घातल्या होत्या, पुण्याच्या मंडळाने डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. देवाच्या नावाने आलेल्या पैशाला मंडळ नव्हते.

देवाच्या नावाने अटी मात्र होत्या. मुक्तीतल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. 1905 मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली, रात्र-रात्र रडणे, पापकबुली, अंगात आल्यासारखे थरथरणे. तिची वर्णने जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत पोचली. उपाशी पोरीला भाकरी देणाऱ्याचा देव तिचा देव होणार, हे सांगायला संशोधन लागत नाही, आणि यावर घेतले गेलेले आक्षेप सगळेच द्वेषातून आले होते असे म्हणता येणार नाही. तितकेच खरे हेही की ज्यांनी आक्षेप घेतले त्यांतल्या फार थोड्यांनी मध्य प्रांतातून एखादी पोर आपल्या घरी आणली.

विश्वास म्हणजे गप्प बसणे असेही रमाबाईंनी कधी मानले नाही. मे 1897 मध्ये, पुण्यात प्लेग अधिकारी रँडची माणसे घराघरांत शिरत असताना, त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला प्लेग छावणीतल्या बायकांच्या हालांबद्दल उघड पत्र लिहिले. आपल्या आश्रयाला असलेल्या एका मुलीचे तिथे काय झाले, याचा जाब मागितला. सरकारने आरोप नाकारले. परदेशी मदतीवर आणि सरकारच्या परवानगीवर जगणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने असे पत्र लिहिणे सोयीचे नव्हते. देव पुरवणार हा भरवसा इथे कामी आला असावा. ज्याचा शिधा कलेक्टरच्या हातात नाही, त्याला कलेक्टरविरुद्ध लिहिता येते.

आवारात काय चाले ते पाहिले की खाटल्यावरच्या हरीची आठवण येत नाही. मुली माग चालवत, तेलाचा घाणा चालवत, दुभती सांभाळत, शिवत, धूत, भट्टीवर पाव भाजत, पितळी भांड्यांना कल्हई करत, शेत करत. अंधांसाठी वेगळे घर होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून ती मुक्तीत आणली, आणि दुष्काळात डोळे गेलेल्या मुली वाचू लागल्या. पुढे छापखाना आला. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळे बायका करत. छप्पनच्या उन्हाळ्यात पंचक्रोशीच्या विहिरी आटल्या असताना मुक्तीतल्या विहिरींचे पाणी संध्याकाळी तळाला जाई आणि सकाळी पुन्हा चढलेले असे, ही हकीकत तिथल्या जुन्या लिखाणात मोठ्या कृतज्ञतेने येते. विहीर खणलेल्या माणसाला यात चमत्कार दिसेल आणि झरेही दिसतील. दिवसभर उपसलेली विहीर रात्री भरते ती झऱ्यांनी. पण कोणत्या माळावर झरा लागावा, हे खणणाऱ्याच्या हातात नसते, म्हणून तर तो कुदळ मारण्याआधी नारळ फोडतो.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आणलेल्या मुलींतल्या कितीतरी जगल्या नाहीत. उपासमारीने आतडी कामातून गेलेल्या, देवी, गोवर, हगवणीने पोखरलेल्या मुली अन्न समोर आल्यावरही मेल्या. त्यांच्यासाठी कुणी प्रार्थना केली नसेल असे नाही. आणि गंगामूळच्या शास्त्रीबुवांची प्रार्थना काही कमी कळकळीची नव्हती. रमाबाईंचे स्वतःचे उत्तर स्पष्ट होते: आम्ही दगडाच्या देवांना हाका मारल्या, ते ऐकू शकत नव्हते, खरा देव मला नंतर भेटला. 1907 मध्ये त्यांनी जी साक्ष लिहिली तिचा हाच गाभा आहे. मला हे उत्तर पुरत नाही. मरताना वडिलांनी तिला देवाच्या हाती सोपवले, तिने त्याचीच सेवा करावी म्हणून सांगितले, हेही तीच साक्ष नोंदवते, आणि ते सोपवणे वाया गेल्याचा सूर तिथे नाही. म्हातारपणी त्यांना वडिलांच्या भक्तीत चूक दिसत होती आणि सचोटीही दिसत होती. दोन्ही त्यांनी लिहून ठेवल्या, जुळवून दाखवायचा प्रयत्न केला नाही.

मराठीत या भरवशाची दुसरी एक नोंद आहे, आणि ती हसत हसत केलेली. कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारायचा घाट घातला. देवाचा नोकर पगारी कसा असेल, असा त्यांचा रोख. हातात आलेला पैसा वाटेत भेटेल त्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येणे हा त्यांचा स्वभाव पगार होता तेव्हाही होताच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळते की टिळकांचा देवावर भार होता आणि घराचा भार लक्ष्मीबाईंवर. त्यांनी त्याबद्दल गळा काढला नाही, नवऱ्याला महात्माही केले नाही. पीठ कुठून आले हे ज्याला ठाऊक असते त्याने श्रद्धेबद्दल लिहावे, असे मला ते पुस्तक वाचल्यापासून वाटत आले आहे. पंढरपूरच्या वाटेवरच्या मंगळवेढ्याची दामाजीपंतांची आख्यायिका आपण विठू महारासाठी लक्षात ठेवतो. बादशहाच्या कोठाराचे पैसे भरायला देव विठू महार होऊन आला खरा, पण कोठार आधी दामाजीने उघडले होते, मान पणाला लावून. उपाशी माणसे जेवली ती त्या दिवशीच.

रमाबाईंची शेवटची कसोटी पैशाची नव्हती. आपल्यामागे काम कोण पाहणार याचे उत्तर त्यांच्याकडे तयार होते: मनोरमा. परदेशी शिकलेली, मराठी-इंग्रजीत सराईत, केडगावची शाळा आणि नंतर गुलबर्ग्याची शाखा सांभाळलेली. 24 जुलै 1921 रोजी मिरजेच्या रुग्णालयात ती वारली. चाळिशीच उलटली होती.

त्या वेळी रमाबाईंसमोर बायबलच्या भाषांतराची मुद्रिते होती. पंडिती मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून हे काम हाती घेतले होते आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ ते चालले होते. ते त्यांनी पुरे केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. ज्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले त्यांतल्या अनेकींना केडगावात पहिल्यांदा उतरवून घेतले तेव्हा पायांवर उभे राहता येत नव्हते.

संस्था आजही चालू आहे. शाळा आहे, रुग्णालय आहे, निराधार बायका आणि मुली आहेत. खर्च अजूनही देणग्यांवर चालतो, आणि त्या देणग्यांना आता सरकारी कायदेकानू, लेखापरीक्षण आणि परकीय मदतीचे नियम लागू आहेत.